चोवीस तासांची कॅन

वैनगंगेच्या पुलाअलीकडे पोलिसांनी काळीपिवळी जीप थांबवली आणि ब्रह्मपुरीच्या दिव्यानीनं पाय जवळ ओढले. पायाशी तिची ओढणीत गुंडाळलेली पाच लिटरची कॅन, आणि पलीकडे दारूबंदीचा गडचिरोली जिल्हा!

"हे काय आहे?"

पोलिसानं कॅनकडे बोट दाखवलं. दिव्यानी तिच्यावरची ओढणी सावरत राहिली. शेजारच्या अनोळखी पोरानं एकवार तिच्याकडे पाहिलं...

"साहेब, माझी आहे. त्यायले काऊन विचारता?"

पोलिसानं झाकण उघडून वास घेतला. मग त्याचं तोंड जे झालं, ते काय सांगावं!

"लघवी आहे जी," दिव्यानी रडवेल्या आवाजात म्हणाली. "चोवीस तासांची. तपासाले नेऊन राह्यली."

"तुमची? आणि हा म्हणते माझी?"

अख्खी जीप हसली.

पोराचं नाव मिथुन. सूरजागडच्या लोहखाणीत मशीन दुरुस्त करायचा. "मले वाटलं मोहाची दारू आहे," तो हळूच म्हणाला.

"तरी स्वतःवर घेतली?"

"तुमचं तोंड पाहून राहवलं नाई..."

कित्येक दिवसांनी ती हसली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. मुतखडा शोधायला स्कॅन काढला, खडा नव्हताच, पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत भलतीच गाठ दिसली. ती गाठ हार्मोन सोडते की काय, ते या कॅनवरून कळणार.

गडचिरोलीत चहा झाला, नंबर दिले-घेतले. "रिपोर्ट आला का सांगजा," म्हणून तो खाणीकडे जायला एटापल्लीच्या गाडीत चढला.

पण दिव्यानी भारी हट्टी. गाठ वाईट निघाली तर आपलं दुखणं त्या बिचाऱ्याच्या गळ्यात कशाला? रिपोर्ट स्वच्छ आला तरच बोलायचं. त्याचे मेसेज यायचे — "जेवल्या का?", "इथी धुकं पडलं, तुमची आठवण आली." ती वाचायची, पुन्हा वाचायची आणि उत्तर न देता फोन उशीखाली सारायची. जीव नुसता तीळ तीळ तुटायचा.

अखेर डॉक्टर म्हणाले, "गाठ लहान आहे, हार्मोन सोडत नाही. ऑपरेशन नको. बहुधा साधीच आहे."

"बहुधा?"

"सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. तोवर खुशाल राहा."

ती बाहेर बाकावर बसली. पुन्हा सहा महिने असं झुरायचं? छे! तिनं फोन लावला.

"मिथुन... बहुधा साधी आहे म्हणतात. पक्कं कोणी सांगत नाई."

"मंग?"

"पक्कं कळल्यावरच बोलीन म्हटलं होतं. पण आता दम निघत नाई. मले तुमची लय आठवण येते... तुम्ही मले आवडता."

फोनमध्ये वारा घोंघावला.

"ऐकू आलं का?"

"आलं. पण अजून एकदा म्हणा."

"काऊन?"

"रोज नेटवर्कसाठी ही टेकडी चढून राह्यलो जी. एकदा ऐकून भागते का?"

तिनं पुन्हा म्हटलं. इतक्या मोठ्यानं की नंबर लावून बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या. तिनं त्यांना खुशाल बघू दिलं.