दोन पलंगांची खोली

स्पे नदीकाठच्या त्या गावात ऑक्टोबर लागला की चहाच्या वेळेलाच दिवे लावावे लागत. त्या गुरुवारीही एफी गेडिसने दिवा लावला, मेजावर पश्चिमेकडच्या बेटाचा नकाशा पसरला आणि चष्मा पुसून सहलीचा बेत लिहायला घेतला. बेत तीनच दिवसांचा होता. पहिल्या दिवशी ग्रीनलंडहून उतरणारे रानहंस, दुसऱ्या दिवशी खाडीतली पाणमांजरे, तिसरा दिवस गरुडांसाठी. आणि रोज संध्याकाळी एकेका भट्टीची व्हिस्की, पण पेला एकच.

खरे तर हा बेत तिच्या नवऱ्याचा, लाखलनचा. चाळीस वर्षे व्हिस्कीची लाकडी पिंपे बांधणाऱ्या त्या माणसाने निवृत्तीनंतरची पहिली सहल म्हणून तो आखला होता. फेब्रुवारीत तो निवृत्त झाला आणि मार्चमध्ये गेला.

समोर त्याची थोरली बहीण ऊना मोजा विणत बसली होती.

"खोली एकटीचीच सांग हो. नाहीतर सवयीने दोघांची सांगशील."

"मी गेले तर तो इथे एकटा राहील, ऊना."

"कोण? मांजर? त्याला मी घालीन की दूध."

"मांजर आमच्याकडे कधीच नव्हतं."

ऊनाच्या सुया थांबल्या. एफीने दिवा उचलला आणि लाखलनच्या खुर्चीमागच्या भिंतीवर धरला. पांढऱ्या रंगावर काजळी धरली होती... बसलेल्या माणसाच्या पाठीएवढी.

त्या मुलखात ही काजळी शेंबड्या पोरालाही ओळखता येते. कोठारात वर्षानुवर्षे निजलेल्या पिंपांतून व्हिस्कीचा अंश हवेत उडतो. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाफेवर एक काळी बुरशी पोसते आणि कोठाराच्या भिंती, आसपासची झाडे काळवंडून जातात. पण कोठार तर नदीपलीकडे, दोन मैलांवर होते.

ऊनाने बोट फिरवून वास घेतला.

"पिंप दडवलंय की काय गं त्याने घरात? लहानपणापासून लबाड मेला!"

"तळघरापर्यंत शोधलं. फळ्या उचकटून पाहिल्या."

"मग तूच पीत असशील चोरून."

"नाताळात एक पेला. तोही तूच ओततेस."

"आणि तू काठोकाठ मागतेस," ऊना हसली. पण ते हसू लगेच विरले.

"दर सोमवारी सोड्याने पुसते," एफी हळू आवाजात म्हणाली. "गुरुवारी परत असते. खांदे... आधी येतात."

म्हणूनच मार्चपासून तिने एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. रिकाम्या घरात त्याला टाकून जाणे तिच्या जिवावर येत होते.

ऊनाने बोटावरची काजळी रुमालाला पुसली. मग तिने फोन एफीपुढे सरकवला.

"माझा भाऊ हट्टी होता, पण आमंत्रणावाचून कुणाच्या दारात गेला नाही. तू नुसती वाट पाहत बसलीस. त्याला बोलाव तरी."

बेटावरच्या अतिथिगृहाच्या मालकिणीने विचारले, "एकट्याच ना, बाई?"

एफीने खुर्चीकडे पाहिले. "दोन पलंगांची खोली द्या," ती म्हणाली. फोन ठेवून तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. "शनिवारी सकाळची बोट आहे. तुझे लोकरीचे मोजे मी घेते... चल हो."

शनिवारी पहाटे तिला न्यायला आलेल्या ऊनाने आधी भिंत पाहिली. कुणी न पुसताच भिंत स्वच्छ झाली होती. "हललं बिऱ्हाड," ती पुटपुटली आणि डोळे टिपून तिने एफीची पेटी उचलली.

रविवारी दुपारी एफी खाडीलगतच्या कुरणात एका दगडावर जाऊन बसली. जवळच्या भट्टीतून आणलेल्या घोटभर व्हिस्कीचा पेला तिच्या हातात होता. थोड्याच वेळात आकाश कलकलाटाने भरले आणि हजारो रानहंस तिच्या चहूबाजूंनी उतरले. कुरण पाहता पाहता करडे झाले. फक्त तिच्या उजव्या हाताला माणूसभर गवत मोकळे राहिले. चरत चरत तिथवर आलेला प्रत्येक हंस मान ताठ करी, फुत्कारे आणि घाईघाईने मागे वळे.

"आलास ना..." एफीचे डोळे भरून आले. कित्येक महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला.

मग ती मोकळी जागा हळूहळू पाण्याकडे सरकू लागली. हंस फडफडत वाट देऊ लागले. "थांब, मीही येते," म्हणत एफी उठली.

शंभर पावलांवर माणसाची सावली दिसली तरी हा थवा उडतो, हे तिला ठाऊक होते. ती दोन पावले चालली. थव्यात चुळबूळही झाली नाही. तिने टाळी वाजवली. एकही मान वर झाली नाही. आणि एक म्हातारा हंस, अगदी निर्धास्तपणे, तिच्या बुटांच्या मधले गवत उपटून खात राहिला. तिने मागे वळून पाहिले, तर दगडावर ती स्वतःच, पेला हातात धरून, तशीच बसलेली होती.