लाल गोळ्याखालचा हिरवा दांडा

"अप्पा, सोडा त्यांना! अप्पा!"

गोरक्ष ओरडत धावला, पण त्या गोंगाटात त्याचं ओरडणं कुणाला ऐकूच गेलं नाही. गर्दीच्या मधोमध त्यांच्या मळ्यात राबणारे रंभाजी जमिनीवर पडले होते. नाकातून रक्त येत होतं, उजवा हात भलत्याच बाजूला वळला होता. आणि त्यांच्यावर बांबू उगारून उभे होते गोरक्षचे वडील, मच्छिंद्र!

"बोल! कुठं इकलंस माझं ड्रॅगन?"

"मालक, म्या न्हाई वो... माझ्याच हातची लावलेली झाडं, म्या कशाला..."

बांबू खाली आला. त्याच क्षणी एक मुलगी गर्दीतून मुसंडी मारून आत घुसली आणि रंभाजींच्या अंगावर आडवी पडली. फटका तिच्या खांद्यावर बसला. ती कळवळली, पण बाजूला झाली नाही.

ती होती प्रज्ञा, रंभाजींची नात. गोरक्षच्याच वर्गात, आठवीत शिकणारी.

मच्छिंद्र यांनी बांबू खाली केला.

"बाजूला हो पोरी. तुझ्या आबानं चोरी केलीय."

"कशावरून?" प्रज्ञा उठून उभी राहिली. तिची नजर थेट होती.

कारण सगळ्यांनी मिळून सांगितलं. काष्टीजवळच्या आपल्या मळ्यात मच्छिंद्र यांनी ड्रॅगन फ्रूट, म्हणजे फळं देणारा निवडुंग, लावलं होतं. सिमेंटच्या प्रत्येक खांबावर वेल चढवलेला. आज सकाळी पाहिलं, तर चाळीस खांबांवरचे वेल कोयत्यानं छाटून नेलेले! आणि तसाच निवडुंग रंभाजींच्या अंगणात, कडुनिंबाला टांगलेल्या नारळाच्या काथ्यात लोंबताना कुणीतरी पाहिला होता. तेवढ्यावर सगळे रंभाजींच्या दारात येऊन धडकले होते.

"तसाच?" प्रज्ञा तरातरा कडुनिंबाकडे गेली. काथ्यातली एक फांदी तिनं मोडून आणली. "हात लावा, काका! लावा ना! कशी आहे?"

मच्छिंद्र यांनी नाइलाजानं बोट फिरवलं. "चपटी हाय. पानासारखी."

"काटे?"

"न्हाईत."

"आणि तुमच्या ड्रॅगन फ्रूटचा दांडा? त्याला तीन धारा असतात आणि धारेवर काटे! हे ब्रह्मकमळ आहे. म्हणजे आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, ते निराळं. हे आणि ड्रॅगन फ्रूट, दोन्ही पावसाळी जंगलातले निवडुंग. दोन्ही झाडांवर चढून राहतात. पण प्रजाती वेगळी आहे, काका!"

"निवडुंग त्यो निवडुंगच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हो? वांगं आणि टोमॅटोसुद्धा एकाच कुळातले आहेत. उद्या तुमची वांगी चोरीला गेली, तर टोमॅटोवाल्याचा हात मोडाल का?"

एकेक जण मान खाली घालून मागे सरकू लागला.

"बरं, मग चोर कोन? तूच सांग!" मच्छिंद्र घुश्श्यात म्हणाले आणि बांबू टाकून निघून गेले. पोलिसांकडच्या तक्रारीत मात्र त्यांनी रंभाजींचंच नाव घातलं होतं. ते मागे घ्यायला काही ते गेले नाहीत.

रंभाजींना श्रीगोंद्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. हात दोन ठिकाणी मोडला होता.

दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या सुट्टीचं सगळं ठरलेलं बाजूला ठेवून चौघं मळ्यात जमली: प्रज्ञा, गोरक्ष, सातवीतली अश्विनी आणि अश्विनीचा धाकटा भाऊ ओम. ओम पाचवीत होता आणि तोंड बंद ठेवणं त्याला मुळीच जमत नसे.

गोरक्ष प्रज्ञाकडे बघतच नव्हता. शेवटी तो म्हणाला, "प्रज्ञा, माझ्या अप्पांनी..."

"आत्ता नको," प्रज्ञा म्हणाली. "आत्ता बोललास तर मी रडेन. आधी चोर शोधू."

छाटलेले वेल फार भयानक दिसत होते. कापलेल्या टोकांतून चिकट रस गळून वाळला होता. खांबांवर वेल बांधायला रंभाजींनी बायडाबाईच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, जुन्या जांभळ्या लुगड्याच्या चिंध्या वापरल्या होत्या. त्यातल्या कितीतरी दांड्यांबरोबरच तुटून गेल्या होत्या.

"अरे, हे बघा!" ओम ओरडला. "पिकलेली फळं! चोरानं पायानं तुडवलीत. वेडाच दिसतोय! मी असतो तर आधी खाल्ली असती!"

"तू चोर झालास तर पहिल्याच दिवशी सापडशील," अश्विनी म्हणाली. "तोंडाला लाल रंग लागलेला असेल!"

प्रज्ञा मात्र हसली नाही. "फळं टाकली आणि दांडे नेले! म्हणजे त्याला नुसते दांडे हवे होते. कशाला?"

तीन दिवस त्यांनी आसपासची सगळी शेतं पालथी घातली. नव्यानं लावलेलं ड्रॅगन फ्रूट कुठेच नव्हतं. चौथ्या दिवशी काष्टीचा आठवडे बाजार भरला. भाजीच्या पालांपलीकडे एक टेम्पो उभा होता. त्याच्या फळीवर इवल्याशा कुंड्या मांडल्या होत्या. प्रत्येक कुंडीत एक हिरवा दांडा आणि त्याच्या डोक्यावर लाल नाहीतर पिवळा, चेंडूसारखा काटेरी गोळा!

"रंगीत कॅक्टस! घरात ठेवा, ऑफिसात ठेवा!" विकणारा ओरडत होता.

ओमनं एक कुंडी उचलली. आणि टपकन लाल गोळा त्याच्या तळहातावर पडला!

"मी नाही तोडला! आईशप्पथ! आपोआप पडला!"

"दाखव!" प्रज्ञानं कुंडी हिसकावली. गोळ्याच्या खालून एक तुटका रबर लोंबत होता. दांड्याच्या टोकाला ओला, ताजा काप होता. आणि दांड्याला होत्या तीन धारा!

"हे एक झाड नाहीये!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "दोन आहेत. कलम आहे हे. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. म्हणून त्याला हिरव्या दांड्यावर बसवतात. पण गोळा जमिनीवरच्या निवडुंगाचा आहे, आणि दांडा झाडावर चढणाऱ्या निवडुंगाचा. बघा, धारेवर काटे!"

"ड्रॅगन फ्रूट!" गोरक्ष म्हणाला.

"आणि कलम अजून जुळलेलंसुद्धा नाही. म्हणजे दांडा चार-पाच दिवसांपूर्वीच कापलाय."

विकणाऱ्याला अश्विनीनं गोड आवाजात विचारलं, "दादा, अजून मोठ्या कुंड्या कुठं मिळतील?"

"रविराजभाऊंच्या शेडवर. त्या वळनाच्या पुढं, हिरव्या जाळीची."

गोरक्षनं लगेच वडिलांना फोन लावला. "अप्पा, आम्हाला चोर..."

"पोरखेळ बंद करा! मी कामात हाय." फोन कट झाला.

"मग आपणच जाऊ," प्रज्ञा म्हणाली.

शेडमध्ये कुणी दिसत नव्हतं. जाळीचं दार ढकलून चौघं आत शिरली. कोपऱ्यात हिरव्या दांड्यांची कमरेएवढी रास पडली होती. आणि राशीतून डोकावत होत्या जांभळ्या चिंध्या!

"आजीचं लुगडं!" प्रज्ञाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गोरक्षनं भराभर फोटो काढून शेडच्या पत्त्यासकट वडिलांना पाठवले.

"कोन रं तिकडं?"

दारात एक आडदांड माणूस उभा होता. हातात कोयता! हाच रविराज. त्यानं आधी राशीकडे, मग मोबाईलकडे पाहिलं आणि आत येऊन दाणकन दार लावलं.

"मोबाईल दे."

"नाही देणार!"

रविराजनं गोरक्षच्या पोटात लाथ घातली. गोरक्ष लोखंडी मांडणीवर आदळला. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, पण मोबाईल त्यानं छातीशी घट्ट धरला होता.

"ओम, पळ!" अश्विनी किंचाळली आणि तिनं मूठभर वाळूमिश्रित माती रविराजच्या तोंडावर भिरकावली. ओम जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून सशासारखा बाहेर निसटला. रविराजनं आंधळेपणानं कोयता फिरवला. अश्विनीच्या डोक्यावर टांगलेली कुंडी फुटली, खापऱ्या चहूकडे उडाल्या. दुसऱ्या हातानं त्यानं तिची वेणी धरून तिला खाली आपटलं.

प्रज्ञानं इकडंतिकडं पाहिलं. शेडच्या आत, जाळीच्या कडेला, कुंपणाला लावतात तो फड्या निवडुंग वाढला होता. त्याच्या हिरव्या फड्यांवर मोठे काटे असतातच, पण त्या काट्यांच्या बुडाशी केसासारखी बारीक कुसंही असतात. एकदा कातडीत घुसली की निघता निघत नाहीत! तिनं कोपऱ्यातलं फावडं उचललं, एक भला मोठा फडा तोडला, फावड्यावर घेतला आणि सगळा जोर लावून रविराजच्या मनगटावर हाणला.

"आई गं! मेलो!"

कोयता खाली पडला. गोरक्षनं तो लाथेनं राशीखाली ढकलला. रविराज हात झटकत नाचू लागला, आणि झटकताना कुसं दुसऱ्या हातात घुसली!

इतक्यात दार धाडकन उघडलं. ओमच्या आरडाओरड्यानं अर्धा बाजार धावत आला होता. सगळ्यांच्या पुढे भाजीवाल्या मुक्ताबाई, आणि त्यांच्या मागे घामानं निथळणारे मच्छिंद्र. फोटो बघून ते मोटरसायकल दामटत आले होते.

मुलाचं रक्तानं माखलेलं तोंड पाहून ते पिसाळले. त्यांनी दाराचा दांडका उपसला. "खांडोळी करतो याची!" गर्दीही पुढे सरसावली. पहिला ठोसा रविराजच्या तोंडावर बसला, दात तुटून ओठातून रक्त उडालं.

"थांबा!"

प्रज्ञा मधे उभी होती. फावडं अजून हातात होतं.

"काका, आबांना मारताना तुम्ही बघितलं नाहीत. आता बघितलंय, चोर सापडलाय. तरीपण मारायचंच? मग पोलीस कशाला आहेत?"

मच्छिंद्र यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर अजून काळानिळा वळ दिसत होता. त्यांच्याच बांबूचा! दांडका त्यांच्या हातातून गळून पडला.

मुक्ताबाईंनी रविराजला मांडणीच्या खांबाला बांधून टाकलं आणि पोलिसांना फोन झाला. फुकटात दांडे मिळवण्यासाठी आणखी दोन मळे छाटल्याचं त्यानं कबूल केलं.

आठ दिवसांनी ग्रामसभा भरली. रंभाजी हात गळ्यात बांधून मागच्या रांगेत बसले होते. मच्छिंद्र उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्यांना 'रंभाजी अण्णा' म्हणून हाक मारली.

"अण्णा, तक्रार मी मागं घेतलीय. पन तेवढ्यानं भागत न्हाई. न बघता, न इचारता माझा हात तुमच्यावर उठला. दुसऱ्या कुनाच्या अंगनात ते झाड दिसतं, तर मी आधी इचारलं असतं. हे मला सगळ्यांदेखत बोलायचं हुतं. माफी मागतो."

रंभाजी सावकाश उठले.

"मालक, हात जुळंल. मनाचं मला आज सांगता यायचं न्हाई."

"दवाखान्याचं मी बघतो. पुन्हा मळ्यात या."

"येईन. पन एक अट हाय. आधी तुमी झाडं वळखायला शिका. माझी नात शिकवील."

सरपंच बनुबाई हसल्या. "लई बेस! आमाला जे जमलं न्हाई ते या चार पोरांनी केलं. झाडबी वळखलं आन चोरबी! टाळ्या वाजवा की!"

टाळ्या पडल्या. गोरक्षच्या कपाळावर पट्टी होती आणि ओम उगाचच सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात प्रज्ञानं दोन फांद्या मच्छिंद्र यांच्यापुढे धरल्या. "डोळे मिटा, काका. आता हातानं ओळखा."

मच्छिंद्र यांनी डोळे मिटून पहिली फांदी चाचपली. "चपटी, गुळगुळीत. ब्रह्मकमळ... म्हंजे, आपन म्हनतो ते."

"बरोबर! आता दुसरी."

त्यांनी ती गच्च मुठीत पकडली.

"आयाया! काटे! तीन धारा! ड्रॅगन, ड्रॅगन!"

बांधावर बसलेले रंभाजी मोडका हात पोटाशी धरून खो खो हसत सुटले.