जिन्यावरची मुलगी

मी लाकडी ठोकळा टेबलावर आपटला, पिपा हे माझं चार तारांचं वाद्य मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाकीचं उद्या."

नेहमीचे म्हातारे श्रोते छत्र्या शोधायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, असं काय करता? ती खाली उतरली की नाही?"

अख्ख्या चहाघरात हशा पिकला. डिंग आजोबांना तर ठसकाच लागला.

आमच्या सूचौच्या गाऊन सांगायच्या गोष्टीत एखादी मुलगी प्रियकराला भेटायला जिना उतरायला लागली, की ती सहजासहजी उतरत नाही. पहिल्या पायरीवर तिला आई आठवते, दुसरीवर केसातला काटा सैल होतो... प्रियकर बिचारा खाली अंगणात भिजत असतो आणि गोष्ट आठवडाभर पुढे सरकत नाही. ऐकणारे येतात ते याचसाठी. 'उतरली का' असं विचारणारा माणूस परगावचाच असणार.

परगावच्या माणसाने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि दारातल्या दोन पोरी किंचाळल्या. वेनयाओ! शांघायच्या निम्म्या भिंतींवर त्याची पोस्टरं होती. दोन तारांच्या, गजाने वाजवायच्या आमच्या आरहूला ड्रमशी जुंपणारा, नाटकातल्या जुन्या पदाखाली इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा तो. मला त्याची गाणी आवडत नसत. म्हणजे, मी ती ऐकलीच नव्हती.

"उद्या दुपारी या, कळेल," मी म्हटलं.

"उद्या सकाळी मला शांघायला तालमीला जायचंय."

"मग ती वरच आहे असं समजा."

तो हसला. हसताना त्याच्या भुवईवरून पावसाचा थेंब ओघळला, आणि मी उगाचच पिपाच्या तारा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागच्या बाकावर हजर! सोबत गिटार. गोष्ट संपल्यावर तो मागच्या पडवीत आला. खाली कालव्यात पाऊस पडत होता. आलुबुखारे पिकायला लागले की आमच्याकडे हा पाऊस मुक्कामालाच येतो.

"गुरुजी, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्हाला ताल कोण देतं? आमच्या कानात यंत्राचे ठोके असतात."

"गुरुजी काय म्हणता, रुईयुन म्हणा. आणि ताल कुणी देत नाही. श्वास पुरतो तोवर ओळ चालते."

"मी साथ करून बघू?"

मी गायला लागले. तो प्रत्येक ओळीला माझ्याआधी पोचायचा.

"एवढी घाई? मागे कुत्रं लागलंय का?"

"छोंगछिंगचा आहे मी. आमच्याकडे सगळं तिखट आणि पटकन. तुमच्या गावात मिरचीवर बंदी आहे का हो? सकाळच्या शेवयासुद्धा गोड!"

"तुमच्या जिभेला वळण लागावं म्हणून गोड देतो आम्ही."

मग त्याने चहाच्या पेल्यावर चॉपस्टिकने माझीच चाल ठोकून दाखवली, ड्रमवर कशी वाटेल ते.

"खिचडी," मी नाक मुरडलं.

"जन्मच खिचडीत झाला," तो म्हणाला. "आई शाळेत पियानो शिकवायची, बाबा लग्नामयताला सनई वाजवायचे. भिंतीच्या अलीकडे पियानो, पलीकडे सनई... मधल्या खोलीत मी. मला दोन्ही एकत्रच ऐकू यायचं. वेगवेगळं करायला गेलो तर घर मोडल्यासारखं वाटतं."

 घरी जाऊन त्याची गाणी ऐकली, एकामागून एक. आवडली. फारच आवडली, आणि त्याचा रागही आला.

तो रोज येऊ लागला. 'ती उतरली की जातो' म्हणायचा. आणि माझी मुलगी काही उतरेना! तिला धाकटी बहीण आठवली, मांजर आडवं आलं, चपलेची शिवण उसवली, ती तिने तिथेच बसून घातली.

"पोरी," डिंग आजोबा एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या गुरूंनी हिला आठवड्यात खाली आणलं होतं. ही काय जिन्यातच म्हातारी होणार?"

"पाऊस आहे ना आजोबा. पायऱ्या निसरड्या झाल्यात."

"पायऱ्या की तू?"

माझे कान तापले. मागच्या बाकाकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग एका दुपारी, गोष्ट सुरू व्हायच्या आधी, भिजलेली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वेनयाओचं काम बघणाऱ्या फंगबाई. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या दमलेल्या होत्या.

"तुमची ती मुलगी कधी उतरणार हो? वादक रोज येऊन बसतात आणि हा फोनवर 'उद्या' म्हणतो. शनिवारी कार्यक्रम आहे. आज आला नाही तर रद्द करावा लागेल. तो म्हणतो, गोष्ट अर्धी सोडून येणार नाही."

मला स्वतःची लाज वाटली. मुलीला मी जिन्यावर अडवलं होतं ते त्याला अडवण्यासाठी, आणि त्यापायी तिकडे माणसं ताटकळत होती. आज ती उतरली की तो जाणार. नाही उतरली तर त्याचं काम बुडणार. मी पिपा सुरात लावायला घेतला.

मी तिला उतरवलं. बहीण नाही, मांजर नाही, सरळ एकेक पायरी. म्हातारे पुढे सरकून बसले. ती अंगणात आली. प्रियकर विचारतो, 'इतका वेळ का लावलास?' गुरूंनी शिकवलेलं उत्तर आहे, 'केस विंचरत होते.' तोंड उघडलं आणि वेगळंच आलं –

"खाली आले की तू जाशील... म्हणून."

कुणी पेलासुद्धा उचलला नाही. मी ठोकळा आपटला. उद्यासाठी काही राहिलं नव्हतं.

वेनयाओ उठून उभा राहिला. "गोष्टीच्या छापील पुस्तकात असं नाहीये," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच संध्याकाळी मी पूर्ण गोष्ट वाचून काढली होती. शेवट मला माहीत होता."

"मग... तू रोज कशाला यायचास?"

"तू तिला उतरू देत नव्हतीस. का देत नव्हतीस, ते कळतंय का बघायला."

पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हटलं होतं, आणि ते माझ्या आधी डिंग आजोबांच्या लक्षात आलं. त्यांनी शेजाऱ्याला कोपर मारलं.

मग काय लपवायचं? सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आवडतोस तू मला. खूप. आता जा. तिकडे लोक खोळंबलेत."

तो हलेना. "शनिवारी येशील? माझ्याबरोबर गायला?"

"तुझ्या यंत्राच्या ठोक्यांवर मला गाता यायचं नाही. आणि मधल्या दोन ओळींपुरती तोंडी लावायलाही मी येणार नाही."

"ठोके बंद. तू श्वास घेशील तिथे ड्रमवाल्यापासून सगळे थांबतील. मीसुद्धा."

"तुला थांबता येतं?"

"इतके दिवस काय करत होतो?"

दारात फंगबाईंनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. मी मान हलवली, हो म्हणून... आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मी पदर नसताना पदर शोधला.

"झालं ना एकदाचं?" डिंग आजोबा छत्री उघडत म्हणाले. "शांघाय अर्ध्या तासावर आहे पोरी. शनिवारी जिन्यात बसू नकोस, गाडी चुकेल."