मास्तरांचा कीबोर्ड

आधी ते मोबाइल पालथे ठेवा. सगळ्यांनी. भुताची गोष्ट सांगा म्हणून मागे लागता आणि तोंडावर तो निळा उजेड पाडून बसता. भूत आलंच तर तुम्हालाच बघून पळेल.

हां. आता ऐका. माझ्या शेजारच्या दुकानदाराच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, वाढवून सांगणं माझ्या धंद्यात चालत नाही. घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं तरी लोक परत आणून आदळतात.

माझ्या दुकानाला लागून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळा बाजार त्याला 'फॉरमॅट' म्हणायचा. रोग कुठलाही असो, औषध एकच. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारू. आवाज येत नाही? फॉरमॅट मारू. आतलं सगळं पुसून टाकायचं आणि नव्याने भरायचं, म्हणजे बिघाड शोधायची कटकटच नको. लोकांच्या लग्नाचे फोटो, बाळांचे व्हिडिओ, काय काय पुसलं असेल या माणसाने देव जाणे. आणि वर त्यांनाच झापायचा, "कॉपी काढून ठेवायला काय झालं होतं?" अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा हात वर करायचा, रहदारीचा पोलीस करतो तसा. "तुम्ही सांगू नका. मी बघतो."

आणि 'मला कळलं नाही' हे तीन शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. अख्ख्या गोष्टीचं मूळ तेवढंच आहे, लक्षात ठेवा.

बारा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी त्याला फोन आला. टायपिंगच्या मास्तरांच्या मुलाचा. मास्तरांनी तीस वर्षं टायपिंग शिकवलं. शेवटी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आतल्या खोलीत पलंगावर पडून असायचे. मग त्यांनी एक युक्ती काढली. बिनवायरचा कीबोर्ड मांडीवर घ्यायचा आणि टाइप करायचं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर. पडद्यावर हातभर मोठी अक्षरं उमटायची. 'पाणी.' 'खिडकी लाव.' त्यांच्या घरच्या बाई ओट्यापाशी उभ्या राहून वाचायच्या आणि तिथूनच ओरडून उत्तर द्यायच्या. बाईंनी स्वतः त्या कीबोर्डला जन्मात बोट लावलं नव्हतं. आपल्याला काय करायचंय, तोंड आहे ना, असं म्हणायच्या.

रात्री नऊ चाळीसला झोपेची गोळी. ती घेतली की मास्तर एकच गोष्ट लिहायचे. 'कुठे आहेस?' बाई म्हणायच्या, "इथेच आहे हो." मग ते झोपायचे. अशी दोन वर्षं गेली. मग मास्तर गेले.

आणि महिन्याभराने कॉम्प्युटर रात्री आपोआप सुरू व्हायला लागला.

तर चिरंजीव फोनवर काय म्हणाले ऐका. "आई म्हणते, बाबा लिहितात. तुम्ही एकदा बघून घ्या. मशीन बिघडलं असेल तर दुरुस्त करा, विषय संपला. मशीन ठीक असेल तर मग बिघाड आईत आहे. रविवारी येऊन तिला घेऊन जातो आणि घराला कुलूप लावतो." मशीनची आणि आईची तक्रार एकाच दमात. आणि आईला नेणार कुठे, तर आठव्या मजल्यावर, जिथे तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही. तिला ते घर सोडायचं नव्हतं. तिने तसं चारदा सांगितलं होतं. पण आईचं ऐकायला वेळ लागतो, तो या मोठ्या माणसांकडे कुठला?

फॉरमॅट नऊला पोहोचला. बाई सांगायला लागल्या, "अहो, तो कीबोर्ड मी..."

हात वर. "काकू, तुम्ही सांगू नका. मी बघतो."

त्याने प्लग पाहिला. पंख्यातली धूळ फुंकली. व्हायरस शोधला. आपोआप सुरू व्हायची वेळ कुणी लावून ठेवलीय का तेही पाहिलं. काही नाही. मग मागच्या बाजूला त्याला नखाएवढा तुकडा खोचलेला दिसला. बिनवायरच्या कीबोर्डचा रिसीव्हर. झालं! स्वारी खूश.

"कीबोर्ड कुठेय?"

बाईंनी आतल्या कपाटातून आणून दिला. वर रजया रचलेल्या होत्या.

"हे बघा तुमचं भूत!" तो खदाखदा हसला. "रजयांच्या वजनाने बटणं दाबली जातात. बटण दाबलं की कॉम्प्युटर जागा होतो आणि काहीतरी खरडतो. तुम्हाला वाटतं, काका आले. शिकल्यासवरल्या घरात असं चालतं?"

"अहो पण, त्यात..."

पुन्हा हात वर.

काय रे? काय म्हणालास? रेंज? कपाटातून बाहेरच्या खोलीपर्यंत? आला शहाणा! रेंजबिंज सगळं बरोबर होतं. त्याचं शास्त्र पक्कं होतं. ऐकून घ्यायची अक्कल तेवढी नव्हती.

तो खुर्चीवर बसला. कीबोर्ड मांडीवर. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले. ते घड्याळ मीच दुरुस्त केलेलं, सेकंदाला पक्कं.

पडदा उजळला.

बाण हलला. सावकाश. कोरं पान उघडलं.

फॉरमॅट हसतच म्हणाला, "बटण अडकलंय कुठलं तरी." आणि खाली बघितलं.

मांडीवर... बटणं खाली जात होती. एकेक. कुणाचं बोट नाही. एक दाबलं जायचं, वर यायचं. मग दुसरं. शिकवल्यासारखी, नीट, लयीत.

पडद्यावर... 'कुठे'.

त्याने कीबोर्ड झटकन उलटा केला. सेल काढले की संपलं. झाकण सरकवलं.

आत सेल नव्हते.

रिकामी जागा. दोन स्प्रिंगा. त्यांच्यावर गंज.

बाई दारातून हळूच म्हणाल्या, "तेच सांगत होते मघापासून. ते गेले त्याच दिवशी मी सेल काढले. एक त्या घड्याळात घातलाय, एक गजराच्या."

उलट्या कीबोर्डवर... त्याच्या तळव्याखाली... बटणं हलत राहिली.

'कुठे आहेस?'

"इथेच आहे हो," बाई म्हणाल्या. रोज म्हणतात तशा. पदराला हात पुसत.

बटणं थांबली. पडदा मिटला.

आता बघा. अशा वेळी तुमच्या-माझ्यासारखा माणूस काय करेल? ओरडेल, पळेल. हा पळाला नाही. त्याच्याही खालचं काहीतरी केलं. मुलाचा फोन आला आणि याने स्पीकरवर घेतला. बाईंच्या समोर.

"काय निघालं?"

फॉरमॅट बाईंकडे बघेना. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. नुसतं 'बिघाड आहे, मला कळला नाही' म्हणाला असता तरी बाई घरात राहिल्या असत्या. तीन शब्द! पण मग बाजारात तोंड कुठे दाखवणार? याला कळत नाही असं काही जगात आहे, हे लोकांना समजेल ना!

"मशीन एकदम ओके आहे," तो म्हणाला. "काहीही होत नाही. आईंना... भास होतात."

बाईंनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत ना?"

...

तो वायरी गुंडाळत राहिला.

त्याहून नीचपणा पुढे आहे. तो कीबोर्ड आणि रिसीव्हर त्याने पिशवीत टाकला. का? तर मुलगा रविवारी यायचा होता, त्याच्यासमोर परत लिहिलं गेलं तर हा खोटा पडेल. बाई दारापर्यंत मागे आल्या. "तो ठेवून जा हो. तो नेलात तर हे मला शोधणार कसे?"

"दुरुस्त करून आणतो," म्हणाला. चोर तो चोर, वर शिरजोर.

रविवारी चिरंजीव आले. दोन बॅगा, एक आई. घराला कुलूप.

मला हे सगळं कधी कळलं? पुढच्या गुरुवारी रात्री. मी शटर ओढत होतो, तर हा माझ्या दुकानात शिरला. घामाने भिजलेला. पाणी मागितलं आणि पेला तसाच ठेवून सगळं सांगायला लागला. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पावत्या बनवायचा कॉम्प्युटर होता. रिसीव्हर लावलेला नाही. कीबोर्ड पिशवीत, पिशवी माळ्यावर. आणि तीन रात्री लागोपाठ... नऊ चाळीसला... पावतीवर, गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी...

'कुठे आहेस?'

पहिल्या दोन रात्री याने पुसलं. पुसण्यात तर हातखंडा! पुसलं की परत. पुसलं की परत. तिसऱ्या रात्री त्याला बाईंची आठवण झाली. भिंतीकडे तोंड करून हा मोठ्याने म्हणाला, "इथेच आहे."

बाण थांबला.

बराच वेळ काही नाही.

मग...

'तुम्ही नाही.'

...

बसा रे. हलू नका. कुणी दिवा लावायचा नाही.

मी त्याला म्हटलं, "मुलाला फोन कर आणि खरं सांग. बाईंना परत आणू दे." हो हो म्हणाला. केला नाही. उद्या करतो, परवा करतो. संध्याकाळी सातलाच दुकान बंद करायला लागला, म्हणजे नऊ चाळीसला तिथे असायला नको. आणि मी? मीही काही केलं नाही. मुलाचा नंबर मला मिळाला असता. म्हटलं, आपल्याला काय करायचंय दुसऱ्याच्या घरात. त्याला नावं ठेवतोय खरा, पण त्या बारा दिवसांत आम्हा दोघांमध्ये डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं.

तीन डिसेंबरला सकाळी माझ्याच्याने राहवलं नाही. त्याचं शटर उघडायच्या आधीच त्याला धरलं. "लाव फोन. इथे, माझ्यासमोर." त्याने लावला. दोनदा नंबर चुकला, तिसऱ्यांदा लागला.

मुलगा बोलला. आवाज बसलेला होता. "आई काल रात्री गेली. जेवून पडली होती. झोपेत काहीतरी बोलली, मी आत जाईपर्यंत..."

"किती वाजता?" हे मी विचारलं. घड्याळजी माणूस, दुसरं काय विचारणार?

"पावणेदहाच्या आत-बाहेर असेल. का?"

फॉरमॅटने फोन बंद केला. खरं सांगायचं होतं ते राहिलंच. आता सांगून उपयोग कुणाला होता म्हणा.

मग त्याने शटर उघडलं. आदल्या संध्याकाळी सातपासून बंद होतं ते. कॉम्प्युटर बंद. प्लग भिंतीतून काढून ठेवलेला, वायर स्टुलावर गुंडाळलेली. पण प्रिंटरच्या तोंडात एक कागद होता.

पावतीचा कागद. वरती वेळ छापलेली, नऊ चाळीस. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी, रोजच्यासारखं, सरळ एका ओळीत, 'कुठे आहेस?'

त्याने महिन्याभरात दुकान विकलं. कुठे गेला, माहीत नाही. चौकशीही केली नाही मी. कागद तेवढा माझ्याकडे दिला, घरात ठेवायची छाती नव्हती म्हणून. त्या ड्रॉवरमध्ये आहे, घड्याळाच्या पट्ट्यांखाली. नाही, दाखवणार नाही. तुम्ही लगेच फोटो काढाल आणि चार जणांना पाठवून खिदळाल.

एवढंच सांगतो. त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. वेडीवाकडी. अक्षरांमध्ये नको तेवढ्या जागा सुटलेल्या, मध्येच एक अक्षर दोनदा दाबलं गेलेलं. आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावणारा माणूस एकेक बटण शोधत लिहितो ना, तशी.

'इथेच आहे.'