ओलिनेची पांढरी रेघ

लाउरिट्सचं डोकं रोज सकाळी दोनदा तापायचं. पहिल्यांदा कॉफीवरून. जर्मन लोक डेन्मार्कात येऊन बसल्याला चौथं वर्ष लागलं होतं आणि खरी कॉफी केव्हाच दिसेनाशी झाली होती. भाजलेल्या जवाचं काळं पाणी दागमार जुन्याच किटलीतून ओतायची आणि वर "कॉफी घे" म्हणायची. निदान तिला कॉफी म्हणू नकोस, एवढीच त्याची बायकोकडे मागणी होती. मग काय म्हणू, गटारीचं पाणी घे म्हणू का, असं ती विचारायची. दुसऱ्यांदा डोकं तापायचं ते धक्क्यावर, क्लोझे जमादाराचं तोंड बघून. पन्नाशी उलटलेला हा जाडजूड जर्मन शिपाई बंदरातून बाहेर पडणारी प्रत्येक बोट तपासायचा आणि तपासताना सारखा सुस्कारे टाकायचा.

त्रेचाळीस सालच्या सप्टेंबरात डोकं तापायला तिसरं कारण मिळालं. ओलिने पाण्यात खोल बसली.

ओलिने म्हणजे लाउरिट्सची मासेमारीची बोट. नाव सासूचं. सासऱ्याने बोट दिली ती नावासकट, आणि नाव बदलायची सोय नव्हती, कारण सासू अजून हयात होती आणि दिवसभर खिडकीत बसून बंदराकडे बघत असायची. बोटीच्या कुशीवर, काळ्या डांबराच्या वरच्या कडेला, एक पांढरी रेघ होती. दर वसंतात लाउरिट्स ती स्वतःच्या हाताने रंगवायचा. बोट रिकामी असली की रेघ पाण्याच्या वर चार बोटं दिसायची. बोटीच्या पोटातला खण हेरिंग मासळीने भरला की पाणी रेघेला टेकायचं. त्या सकाळी खण रिकामा होता, जाळी शेडमध्ये वाळत होती, आणि रेघ दिसतच नव्हती. त्याने पाण्यात हात घातला तेव्हा ती मनगटापाशी लागली.

गळती असणार, दुसरं काय. त्याने खणात उतरून तळाची फळी उचलली. पाणी रोजच्याएवढंच होतं. ते उपसलं तरी रेघ जिथल्या तिथे. मग तोल राखायला तळाशी रचलेले दगड त्याने एकेक करून वर काढले आणि धक्क्यावर ढीग घातला. आता तरी बोट बुचासारखी वर यायला हवी होती. ती तसूभरही हलली नाही.

बोटी दुरुस्त करणाऱ्या येप्पे सुताराने तिला किनाऱ्यावर ओढून घेतली, हातोडीने फळी न् फळी ठोकून पाहिली आणि सांगितलं की ही बोट माझ्या दातांपेक्षा धड आहे. पुन्हा पाण्यात सोडल्याबरोबर ती खाली बसली. येप्पे उकिडवा बसून पाण्यात रेघ शोधू लागला.

"आत दहाबारा माणसं बसली आहेत असं वाटतंय," तो म्हणाला.

"कोण माणसं?"

"ते तुझ्या सासूला विचार. नाव तिचं आहे."

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. लाउरिट्सला जो भेटेल तो सासूबाईंची तब्येत विचारू लागला. एखाद्याला हसू आलं असतं. पण लाउरिट्सच्या पोटावर पाय येत होता, कारण क्लोझेला यात काही गंमत दिसत नव्हती. रिकामी म्हणवणारी बोट एवढी खोल बसते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याचं म्हणणं. तो रोज शिडीवरून कण्हत खणात उतरायचा, लोखंडी सळईने कोपरे ढोसायचा आणि कण्हतच वर यायचा. त्याचे गुडघे गेलेले होते. त्याची तपासणी संपेपर्यंत बाकीच्या बोटी मासळीपर्यंत पोचलेल्या असायच्या आणि लाउरिट्स संध्याकाळी अर्ध्या टोपल्या घेऊन परतायचा.

"एवढी खोल का बसते?" क्लोझे आपल्या मोडक्या डॅनिशमध्ये रोज विचारायचा.

"मला माहीत असतं तर रोज सकाळी तुझं तोंड बघत बसलो असतो का?" लाउरिट्सचंही उत्तर ठरलेलं. "उतर की. नाहीतर उद्या म्हणशील, तपासली नाही."

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. खणात मासळीचा आणि डांबराचा वास असायचा, तो जन्मापासून ओळखीचा. आता त्यात ओल्या लोकरी कोटांचा वास मिसळला होता. पावसाच्या रविवारी चर्चमध्ये दार बंद केल्यावर येतो तसा. आणि एकदा बादली आणायला तो आत गेला तेव्हा रिकाम्या खणात आपण अंग चोरून, कुणाच्या पायावर पाय पडू नये अशा बेताने चालतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला स्वतःचाच इतका राग आला की त्याने बादली लाथेने उडवली. मग ती कुणाला लागली तर नाही ना, म्हणून वळूनही पाहिलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोपनहेगनमधून बातमी आली की जर्मन लोक ज्यूंना घराघरातून उचलून नेताहेत. समोर स्वीडन होतं. हवा स्वच्छ असली की तिथली घरं मोजता यायची, आणि तिथे जर्मन नव्हते. म्हणून आगगाडीने, टॅक्सीने, ॲम्ब्युलन्समधून माणसं किनाऱ्याच्या गावांकडे येऊ लागली होती. गावच्या डॉक्टरांच्या माळ्यावर काही जण येऊन थांबले होते, आणि पलीकडे न्याल का, असं सगळ्याच बोटवाल्यांना विचारणं चाललं होतं. दागमारने हे न्याहारीच्या वेळी सांगितलं.

लाउरिट्स म्हणाला की गावातली कुठलीही बोट घ्या, पण ओलिने नको. तपासली जाते ती रोज हीच. पकडले गेलो तर ती माणसं जातील, बोट जाईल आणि मीही जाईन.

"बाकीचे बारा जणांना एका वेळी न्यायला तयार नाहीत," दागमार म्हणाली.

"किती म्हणालीस?"

"बारा."

त्याने कप उचलला आणि ते जवाचं पाणी तळापर्यंत पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी जाळ्यांच्या शेडमागून माणसं एकेक करून आली. शिंपी होता, त्याची बायको आणि तीन मुलं होती, चार विद्यार्थी होते, एक आजोबा होते. आली अकराच. शेवटी आली ती फॅनी हर्ट्झ, साठीची बाई, कोपनहेगनमध्ये हातमोज्यांचं दुकान चालवणारी. दुकान तिचं आणि तिच्या भावाचं, मोरित्सचं. मोरित्स आला नव्हता. आगगाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की घराची किल्ली खिशात राहिली, आणि तो पुढच्या स्टेशनावर उतरून परत गेला होता. घरमालकाला किल्ली दिली नाही तर कुंड्यांना पाणी कोण घालणार, असं त्याचं म्हणणं.

"मी म्हटलं, अरे, जर्मन काय किल्ली मागणार आहेत का, कुलूप तोडतील," फॅनी म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती. "साठ वर्षं असाच छळतोय मला. संध्याकाळच्या गाडीने येईल. तुम्ही थोडं थांबाल का?"

थांबता येत नव्हतं. उजाडल्यावर एवढ्या माणसांना परत माळ्यावर नेणं म्हणजे सगळ्यांच्या गळ्याला फास. लाउरिट्सने तिला तसं सांगितलं आणि भावाला पुढच्या फेरीला मी स्वतः आणतो, असा शब्द दिला. ती शिडी उतरली.

माणसं चढताना तो धक्क्यावर दोर धरून उभा होता. इतक्या लहान बोटीत एक माणूस चढला तरी दोराला हिसका बसतो. एकही हिसका बसला नाही. मुलं गेली, आजोबा गेले, जाडजूड शिंपी गेला. दोर हातात ढिला तो ढिलाच. त्याने वाकून पाहिलं. अकरा माणसं आत होती आणि पाणी कालच्या ठिकाणीच होतं.

त्याने वर जाळी पसरली, झाकण लावलं आणि उजाडायची वाट पाहिली.

क्लोझे आला. थांबला. बोटीकडे बघून त्याने रोजचा सुस्कारा टाकला.

"तसंच?"

"तसंच," लाउरिट्स म्हणाला. आणि पुढचं वाक्य रोजच्या सवयीने आपोआप तोंडातून गेलं. "उतर की. नाहीतर उद्या म्हणशील, तपासली नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याने दोर मुठीत आवळला.

क्लोझेने शिडीकडे पाहिलं. स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"महिनाभर मी त्या बिळात उतरतोय," तो म्हणाला. "काही नसतं. कधीच काही नसतं. जा बाबा. तोंड काळं कर."

समुद्र शांत होता. पलीकडच्या बंदराला लागल्यावर त्याने झाकण उघडलं आणि एकेक जण वर येऊ लागला. आता मात्र बोट वर येत होती. आजोबा धक्क्यावर चढले, बोट थोडी वर आली. मुलं चढली, आणखी आली. चढताना जे वजन लागलं नव्हतं ते उतरताना बरोबर वजा होत होतं. लाउरिट्सला महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. शेवटी फॅनी उतरली. पांढरी रेघ पाण्याच्या वर होती. पण मागच्या उजव्या कोपऱ्यात ती तिरकी होऊन पाण्याखाली गेलेली होती. एका माणसाच्या वजनाएवढी.

फॅनीला बोटीतलं काही कळत नव्हतं. तरी ती त्याच कोपऱ्याकडे बघत होती.

"तिथे भिंतीशी मी त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती," ती म्हणाली. "वाटेत कुणीच तिथे टेकलं नाही. एवढी दाटी होती, तरी."

संध्याकाळच्या गाडीने मोरित्स हर्ट्झ आला होता. डॉक्टरांच्या बायकोने दागमारला सांगितलं. स्टेशनावर त्या दिवशी शिपाई उभे होते. फलाटावरून ज्यांना नेलं त्यांत झकास चामड्याचे हातमोजे घातलेला एक लठ्ठ गृहस्थ होता. त्याने शिपायाला आधी तिकीट दाखवलं. मग त्या सगळ्यांना जर्मनीच्या बाजूला नेल्याचं कानावर आलं.

लाउरिट्सने टेबलावर मूठ आपटली. किल्लीला शिव्या घातल्या, कुंड्यांना घातल्या, घरमालकाला घातल्या. मग स्वतः दिलेल्या शब्दाला घातल्या. दागमारने त्याला बोलू दिलं.

त्यानंतर हिवाळाभर ओलिने तशीच राहिली, मागच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली. लाउरिट्सने दगड उलटसुलट रचून पाहिले. इंजिनाचं तेल दुसऱ्या बाजूला हलवलं. काही उपयोग नाही. सुकाणू सतत उजवीकडे ओढायचं, खांदा भरून यायचा. क्लोझेने तपासणी पुन्हा सुरू केली आणि पुन्हा दोघे रोज सकाळी एकमेकांवर वैतागू लागले. येप्पे म्हणायचा की सासूबाई आता एका कुशीवर झोपतात वाटतं.

थंडी पडल्यावर खणातल्या फळ्यांवर सकाळी दव गोठून पांढरं व्हायचं. एकदा जाळी द्यायला आलेल्या दागमारने आत डोकावून पाहिलं आणि नवऱ्याला बोलावलं. सगळा खण पांढरा होता. मागच्या उजव्या कोपऱ्यात तेवढा एक तुकडा कोरडा, लाकडाच्या रंगाचा. माणूस भिंतीला टेकून बसला तर अडेल तेवढी जागा. लाउरिट्सने तिथे तळवा ठेवला. ती कोमट लागली, कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

दागमारने घरून एक घोंगडी आणली आणि घडी घालून तिथे ठेवली. तो ओरडला, हे काय नवीन खूळ? ओली होईल, कुजेल.

"जागा अडलेली आहे, म्हणजे माणूस आहे," ती म्हणाली. "येईल तेव्हा लागेल."

त्याने कपाळाला हात लावला. पण घोंगडी काढली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावर आल्यावर तो आधी तो कोपरा बघायचा. रेघ बुडालेली दिसली की ओलिनेला एक सणसणीत शिवी द्यायचा, आणि शिवी देऊन झाली की त्याला जरा बरं वाटायचं. मग तो कामाला लागायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी तो धक्क्याजवळ पोचायच्या आधीच क्लोझेने लांबून हात हलवला. तो हसत होता. हा माणूस हसू शकतो हे लाउरिट्सला माहीत नव्हतं.

"आली वर!" क्लोझे म्हणाला. "बघ तरी."

पांढरी रेघ पाण्याच्या वर होती. पुढे चार बोटं, मागे चार बोटं. चहूकडून सारखी.

"झालं एकदाचं. तू सुटलास, मीही सुटलो. आजपासून मी काही त्या बिळात उतरायचा नाही."

लाउरिट्स बोटीवर चढला. दोराला हिसका बसला.

त्याने झाकण उघडलं आणि शिडी उतरला. आत डांबराचा आणि मासळीचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता. चालताना अंग चोरावं लागलं नाही.

"आता कशाला वर आलीस?" त्याने बोटीला विचारलं.

दागमार किटली घेऊन धक्क्यावर आली होती. तिने ते ऐकलं. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या आवाजात तिला पहिल्यांदाच राग ऐकू आला नाही. तिने रेघ पाहिली आणि किटली खाली ठेवली.

कोपऱ्यातली घोंगडी पांढरी झाली होती. त्याने ती उचलली, तर घडीसकट फळीसारखी ताठ उचलली गेली.

खालच्या लाकडावरही दव गोठलं होतं.