कांडपाचे हात

असलं उर्मट यंत्र चंद्राक्कानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ना रामराम, ना वयाचा मान. पांढऱ्या पत्र्याचा डबा दोन्ही हात आडवे पसरून समोर उभा, आणि म्हणतो काय, तर लुगडं सोडा!

"दोरीपलीकडे जायचं नाही, आजी. आधी कपडे, मग पाणी, मग नात."

"ए डब्या, नात माझी हाय. सर बाजूला."

दोरीपलीकडे नऊ वर्षांची कस्तुरी हात पसरून रडत होती. आजीनं तिला उसाचा रस आणायला बाहेर धाडलं, तेवढ्यात बसस्थानकात कुणा दुष्टानं मुद्दाम विषारी वायूचं भांडं फोडलं. माणसं खोकत, डोळे चोळत बाहेर पळाली. चंद्राक्का दाराशीच होती म्हणून निभावलं. पण पळता पळता तिनं पायरीवर कोसळलेल्या कंडक्टरबाईला ओढत बाहेर आणलं आणि तिच्या तोंडावरचा फेस आपल्या पदरानं पुसला. डब्यानं त्या बाईला सगळ्यांच्या आधी उचलून नेलं होतं. चंद्राक्का मात्र रांगेत. पाय भरून आलेले, घसा भांडून सुकलेला.

तिला एक कोडं सुटत नव्हतं. आजी धडधाकट, नात धडधाकट, मग मधे हे यंत्र कशाला? आणि पलीकडे डॉक्टर नुसते उभे! ते धावत का येत नाहीत? सरकारनं काय त्यांना शोभेला ठेवलंय?

यंत्राच्या छातीवरचा दिवा पिवळा पडला होता. बॅटरी उतरत आली होती. सकाळपासून प्रत्येकाला सांगितलेलं त्यानं तिलाही सांगितलं, तितक्याच सावकाश.

"वायू उडून गेला तरी विष संपत नाही, आजी. ते कापडात मुरतं, केसांत अडकतं, तिथून पुन्हा हळूहळू हवेत येतं. तुम्ही ज्या बाईंचं तोंड पुसलंत, त्यांच्या अंगावरचं तुमच्या पदरात आलं. हाच पदर कस्तुरीला लागला, तर जी आत गेलीच नाही तिलाही विष बाधेल. याला दुय्यम बाधा (एकाच्या अंगावरून दुसऱ्याला होणारी बाधा) म्हणतात. पूर्वी अशा वेळी धावून गेलेले डॉक्टरच आजारी पडले आहेत. डॉक्टरच आडवे झाले तर उपचार कोण करणार? म्हणून आत मी जातो. मला फुप्फुसं नाहीत."

"पदरावर तर काय दिसत न्हाई."

"दिसायचं नाही. ऐका." यंत्रानं मनगटातली हुंगनळी (हवेतलं विष ओळखणारी नळी) तिच्या पायांजवळ नेली. बारीक टिकटिक झाली. मग पदराजवळ नेली. नळी रातकिड्यासारखी किरकिरत सुटली.

"बिघडलीय तुझी नळी," चंद्राक्का म्हणाली. आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. पोरीला एकदा पोटाशी धरावं, बास. ती मुकाट्यानं वाकली आणि दोरीखाली डोकं घातलं.

पुढं धावलेली कस्तुरी एकदम थबकली. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. रडत रडतच एक पाऊल मागं सरली.

"आज्जी, कांडपाचे हात!"

चंद्राक्का होती तिथंच थांबली.

गडहिंग्लजला तिचं मिरची कुटायचं कांडप होतं. कांडपावरून उठलेल्यानं अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय घरातल्या पोराला शिवायचं नाही, हा कायदा तिचाच. सुनेनं एकदा विसरून तिखटाच्या हातांनी तान्ह्याला घेतलं, तर तान्हं किंचाळून निळं व्हायची पाळी आली. चंद्राक्कानं त्या दिवशी सुनेचा असा उद्धार केला की गल्ली गोळा झाली. तेव्हापासून कांडपावरून कुणी आलं की उंबऱ्यातच सगळी ओरडत, कांडपाचे हात!

"व्हय गं बाई," ती हळूच म्हणाली. "खरं हाय तुझं."

ती मागं फिरली आणि यंत्रानं दाखवलेल्या बायकांच्या तंबूत गेली. आत अंगभर पोशाख आणि तोंडावर मुखवटा घातलेली नर्स होती. लुगडं आतल्या बाजूनं गुंडाळत काढलं, चोळी कात्रीनं कापली.

"घट्ट बाह्या ओढून काढल्या तर विष तोंडाला लागेल," नर्स म्हणाली.

नुसते कपडे उतरवले तरी बरंचसं विष अंगावेगळं होतं. मग साबण आणि भरपूर पाणी.

"चोळू नका. चोळलं की कातडीत जिरतं," यंत्र कनातीबाहेरून म्हणालं. "या सगळ्याला निर्विषीकरण (अंगावरचं विष काढून टाकणं) म्हणतात."

"गप रं. मिरची कशी धुवायची ते मला नगं शिकवू."

गोणपाटासारखा हिरवा झगा घालून ती बाहेर आली. नळी तिच्यावरून फिरली आणि गप्प राहिली. दोरी उचलली गेली. कस्तुरी अशी बिलगली की दोघी मातीतच बसल्या. पलीकडच्या खाटेवर कंडक्टरबाईनं डोळे उघडले होते.

"तू नाही येत इकडं?" कस्तुरीनं यंत्राला विचारलं.

"माझ्याही अंगावर आहे. सगळ्यांचं झालं की शेवटी माझी अंघोळ. पुढेमागे असं कापड निघेल, विष लागलं की रंग बदलणारं. मग कुणाला समजवावं लागणार नाही."

"मी करीन तसलं कापड," कस्तुरी नाक पुसत म्हणाली. "आज्जीच्या लुगड्याचं."

यंत्र रांगेतल्या पुढच्या म्हाताऱ्याकडे वळलं. तोही भांडायच्याच बेतात होता. चंद्राक्कानं मातीत बसूनच हाक मारली.

"ए डब्या! माझ्या नातीला आज माझ्यापासनं राखलंस. उर्मट हाईस. तसाच ऱ्हा."