सरावखोलीतलं बेसिन

मीठमसाला लावून सांगायची मला खोड आहे, कबूल. पण यात माझं एक अक्षर नाही. मामेबहिणीने सांगितलं, तसंच सांगतोय.

तिला आम्ही बिट्टी म्हणतो. क्रिमिनॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या दिवशी तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. रात्र वगैरे नाही, भर दुपार.

विद्यापीठात एक सरावखोली आहे. जुना पलंग, खुर्ची, कोपऱ्यात बेसिन... सगळं नाटकातलं घर. लॅबवाले काका आधी खोटे पुरावे लपवून ठेवतात. विद्यार्थ्याने एकट्याने आत जाऊन ते शोधायचे. सर काचेपलीकडून बघतात.

बिट्टी या विषयात एकदा आपटली होती. पुन्हा नापास झाली, तर मामा तिचं शिक्षण बंद करून तिला घरी बसवणार होते.

नियम एकच. सापडलेला पुरावा अर्धवट सोडायचा नाही.

बेसिनच्या जाळीत तिला एक केस दिसला.

चिमट्याने ओढला...

येईना.

जोर लावला. आला, पण संपेना. वीतभर... हातभर... मागोमाग काळा, बुळबुळीत गुंता. त्याला पांढरट साय चिकटलेली. सडक्या मांसाचा असा भपकारा आला की तिने नाक खांद्यात खुपसलं. ग्लोव्हजमधूनही तो गुंता कोमट लागत होता. शी!

सोडला तर शून्य. ती ओढत राहिली.

आणि मग...

खालून कुणीतरी ओढलं.

एकदाच. हळूच.

तिने डोळे मिटून हिसका दिला. टोकाला काहीतरी मऊ लोंबतंय, एवढं हाताला कळलं. न बघताच तिने सगळं पुराव्याच्या पाकिटात कोंबलं, सील केलं, सही ठोकली आणि बाहेर येऊन भडाभडा ओकली.

"काका, बेसिनमध्ये काय घाण घातलीत हो?"

"घाण? एकच केस ठेवलाय बाई, माझ्या हाताने. त्या बेसिनला खाली पाइपच नाही."

लगेच तोंडी परीक्षा. सील केलेलं पाकीट ज्याचं त्यानेच सगळ्यांसमोर उघडायचं असतं.

"एक केस उचलायला एवढा वेळ?" सर म्हणाले. म्हणजे काचेतून त्यांना एकच दिसला होता. "बरं, उघड."

"नाही उघडणार, सर."

"अगं, वर्ष जाईल."

"जाऊ दे."

"केसाला घाबरून गुन्हेगार पकडणार होय?" सरांनी स्वतःच कात्री लावली.

आत एक केस. सुका. एकच.

सरांनी तो उघड्या बोटांनी उचलून दाखवला. पोरं खो खो हसली.

बिट्टी नापास झाली. आता घरीच असते. मामा येता-जाता तिला 'भित्री भागूबाई' म्हणतात. मलाही वाटलं होतं, पोरीने उगाच डोक्यात घेतलं.

परवा तिची मैत्रीण भेटली. म्हणाली, सर हल्ली शिकवता शिकवता थांबतात. पाठ फिरवतात. तोंडात दोन बोटं घालून काहीतरी ओढत राहतात...

"निघतं का?" मी विचारलं.

"निघतं ना," ती म्हणाली. "संपत नाही."

बिट्टीला हे सांगावं की नाही, तेच कळत नाहीये.